खुर्चीवर बॅग आहे, माणूस नाही

माझा मावसभाऊ राज्यसेवेच्या तयारीसाठी सांगोल्याहून पुण्यात आला आणि नव्या पेठेतल्या एका अभ्यासिकेत त्याला अठरा नंबरची खुर्ची मिळाली. पहिल्याच आठवड्यात त्याला भेटायला गेलो. हॉलमध्ये जेमतेम निम्म्या खुर्च्यांवर माणसं होती, आणि दारावर मात्र 'जागा शिल्लक नाही' अशी पाटी. उरलेल्या खुर्च्यांवर बॅगा होत्या, पाण्याच्या बाटल्या होत्या, एकीवर तर नुसतं पंचायतराजचं झेरॉक्सचं बाड होतं.

"कुठंयत हे सगळे?"

"कोण चहाला, कोण मेसला, कोण गावाकडं. त्या कोपऱ्यातल्या दोघांचं तर अभ्यासिका सांभाळणाऱ्या काकांनाही माहीत नाही."

नंतर खाली चहा घेताना त्यानं विचारलं, "दादा, तू कंपनीत नेमकं करतोस काय रे?" बारा वर्षं प्रोग्रॅम लिहितोय, पण घरातल्या कुणाला 'कॉम्प्युटरमध्ये आहे' याच्या पलीकडे सांगायला कधी जमलं नव्हतं. त्या दिवशी जमलं. म्हटलं, तुझ्या अभ्यासिकेत आत्ता जो घोळ चाललाय ना, तोच कॉम्प्युटरच्या मेमरीत चालतो. तो कसा निस्तरायचा यावर गेली पासष्ट वर्षं हुशार माणसं डोकं खाजवतायत. मी त्यांनी केलेल्या सोयी वापरतो आणि त्या बिघडल्या की रात्री उठून बसतो.

मोबाइल घेताना आपण 'आठ जीबी रॅम' म्हणतो, ती म्हणजे नंबर टाकलेल्या खुर्च्यांची लांबच लांब रांग. चालू असलेला प्रोग्रॅम सतत खुर्च्या मागत असतो. तुम्ही ॲपवर कोथरूड ते स्वारगेट रिक्षा शोधली, तर तुमचं ठिकाण, जवळच्या रिक्षांची यादी, प्रत्येकीचं भाडं, नकाशाचे तुकडे, या प्रत्येकाला कुठं तरी बसायला जागा लागते. रिक्षा मिळाली, तुम्ही उतरलात, की ती यादी कुणाला नको असते. पण ती आपणहून उठत नाही. तिला उठवावं लागतं.

काही जागांचा प्रश्न सोपा असतो. प्रोग्रॅममधलं एखादं छोटं काम सुरू होतं, त्याला चार आकडे तात्पुरते लिहून ठेवायचे असतात, काम संपलं की आकडेही संपले. ही अमृततुल्यची बैठक. कप रिकामा झाला की माणूस उठतो आणि मागचा बसतो. अशा जागेला स्टॅक म्हणतात आणि तिथं भांडण नाही. भांडण आहे ते हीप नावाच्या दुसऱ्या भागात, जिथं वस्तू तयार करणारं काम संपलं तरी वस्तू मागे राहू शकते, एका कामाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते, दहा ठिकाणांहून वापरली जाऊ शकते. ही आपली अभ्यासिका. इथून पुढे सगळं हीपबद्दलच.

सी या प्रोग्रॅम लिहायच्या भाषेत जुनी रीत चालते. खुर्ची स्वतः मागायची, काम झालं की स्वतः सोडायची. मागण्याला 'मॅलॉक' आणि सोडण्याला 'फ्री' म्हणतात. मधे काका नाहीत, वही नाही. शिस्त पाळणारा माणूस असेल तर याच्याइतकं वेगवान काही नाही. पण माणूस आहे, विसरतो. सोडायची राहिली तर खुर्ची अडून बसते, याला मेमरी लीक म्हणतात. एक-दोन अडल्या तर कुणाला कळतही नाही, पण महिनाभर न थांबता चालणाऱ्या प्रोग्रॅमात एक दिवस हॉल भरतो आणि सगळंच कोसळतं.

त्याहून वाईट उलटी चूक. समजा, अठरा नंबर सोडला असं काकांना सांगितलं, काकांनी तिथं सांगलीच्या पोराला बसवलं, आणि आपला भाऊ सवयीनं परत येऊन टेबलावरच्या वहीत स्वतःची टिपणं लिहू लागला. वही आता सांगलीकराची आहे. तो उद्या ती उघडेल आणि त्यात जे लिहिलंय ते आपलंच समजून पाठ करेल. यूज-आफ्टर-फ्री म्हणतात तो दोष हाच. परीक्षेत फार तर एक मार्क जाईल, पण कॉम्प्युटरमध्ये दुसऱ्याच्या वहीत मुद्दाम हवं ते लिहिणारा भामटा असतो आणि याच वाटेनं तो आत शिरतो. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये सांगितलं की दरवर्षी त्यांना सुरक्षेच्या ज्या त्रुटी बुजवाव्या लागतात त्यांतल्या सुमारे ७० टक्के मेमरीच्या अशा चुकांतून येतात. पुढच्या वर्षी गूगलच्या क्रोम ब्राउझरच्या गटानं आपल्या गंभीर त्रुटी मोजल्या, तर तिथंही आकडा ७० टक्क्यांच्याच आसपास. त्यातल्या निम्म्या एकट्या यूज-आफ्टर-फ्रीच्या. ही काही शिकाऊ पोरांची कामं नव्हेत.

मग हे काम माणसाकडून काढून यंत्राकडे द्यावं, हा विचार ओघानंच येतो. पण देताना एक गोची होते, आणि पुढची सगळी गंमत त्या गोचीतच आहे. एखादी वस्तू पुढे लागणार आहे की नाही हे यंत्राला कळू शकत नाही. कोपऱ्यातला मुलगा परत येणार का, हे काकांना तरी कुठं कळतं? त्याच्या मनातलं त्यालाही माहीत नसेल. म्हणून यंत्र 'लागणार आहे का' हा प्रश्न सोडून देतं आणि त्याऐवजी 'हिच्यापर्यंत कुणी पोचू शकतं का' एवढंच विचारतं. चालू प्रोग्रॅममधून ज्या वस्तूकडे एकही वाट जात नाही ती कुणी कधी वापरूच शकणार नाही. तिची जागा घ्यायला हरकत नाही. जिच्याकडे वाट जाते, ती लागो न लागो, तिला हात लावायचा नाही. गरज ओळखता येत नाही म्हणून पोच मोजायची.

मोजायच्या दोन पद्धती आहेत.

पहिली पद्धत पाटीची. प्रत्येक खुर्चीला एक पाटी लावायची आणि या खुर्चीवर किती जणांचा हक्क आहे तो आकडा खडूनं लिहायचा. कुणी नव्यानं हक्क सांगितला की एक वाढवायचा, सोडला की एक कमी करायचा. शून्य झाला की त्याच क्षणी खुर्ची मोकळी. याला रेफरन्स काउंटिंग म्हणतात. ही पद्धत जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६० मध्ये मांडली. पायथन, पीएचपी, पर्ल, स्विफ्ट या भाषा आजही याच पायावर उभ्या आहेत. पायथनमध्ये एखाद्या वस्तूच्या पाटीवरचा आकडा विचारायची सोय आहे, आणि ती सहसा अपेक्षेपेक्षा एक जास्त सांगते. कारण विचारायला जाताना तुम्हीही ती वस्तू हातात धरलेली असते. विचारणाराही मोजला जातो, हे कळायला मला कॉलेजात एक अख्खी दुपार लागली होती.

पाटीचा मोठा गुण म्हणजे तत्परता. शेवटचा धरणारा गेला की जागा तिथल्या तिथं सुटते. फाइल उघडली होती तर ती तेव्हाच बंद होते. काम आयुष्यभर थोडं थोडं वाटलेलं असतं, त्यामुळे एकदम मोठा खोळंबा सहसा होत नाही. सहसा म्हटलं, कारण एक अपवाद आहे. लाखभर वस्तूंची साखळी असेल, प्रत्येकीनं फक्त पुढचीला धरलेलं असेल आणि तुम्ही पहिली सोडलीत, तर एकामागोमाग एक लाख पाट्या शून्यावर येतात आणि तेवढा वेळ प्रोग्रॅम ताटकळतो. पाटीवाल्या भाषा कधी थांबतच नाहीत, असं कुणी छातीठोक सांगितलं तर त्याला हे विचारा.

किंमतही आहे. नुसतं 'ही वस्तू त्यालाही दाखव' म्हटलं तरी पाटी पुसून नवा आकडा लिहायचा. प्रोग्रॅम सेकंदाला अशा लाखो गोष्टी करतो. त्यात काम करणारे दोन असले की आणखी पंचाईत. दोघांनी एकाच वेळी पाटीवर ३ वाचलं, दोघांनी मनात एक मिळवला, दोघांनी ४ लिहिलं. हक्कदार पाच झाले आणि पाटी म्हणतेय चार. पुढे चार जण उठून गेले की पाटी शून्य दाखवणार आणि पाचवा बसलेला असतानाच त्याची खुर्ची दुसऱ्याला जाणार. म्हणजे ज्या यूज-आफ्टर-फ्रीपासून पळालो तीच मागच्या दारानं घरात. यावर स्विफ्टचा उपाय असा की पाटी बदलताना दुसऱ्यानं मधे यायचंच नाही. ते सुरक्षित आहे, पण प्रत्येक बदल महाग पडतो. पायथननं वर्षानुवर्षं ठोकळ उपाय वापरला. पूर्ण हॉलला खडू एकच. ज्याच्या हातात खडू त्यानंच काम करायचं, बाकीच्यांनी थांबायचं. 'गिल' या नावानं बदनाम झालेलं कुलूप ते हेच, आणि पाट्या सांभाळणं हे त्याचं एक मोठं कारण. ते काढून टाकलेला पायथन २०२४ मध्ये ३.१३ आवृत्तीसोबत आला, तोही 'प्रयोग' असं बजावून. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या ३.१२ मध्ये एक साधी हुशारी केली होती. काही वस्तू प्रोग्रॅम असेपर्यंत असणारच आहेत, 'काहीच नाही' हे सांगणारी वस्तूसुद्धा. त्यांची पाटी बदलायचीच नाही असं ठरवलं. काकांच्या स्वतःच्या खुर्चीवर कोण बसतंय हे कुणी मोजत नाही, तसं.

आता कोपऱ्यातले ते दोघं.

त्यांचं असं झालं होतं. एकोणचाळीसवाला म्हणाला, चाळीस नंबर माझ्या मित्राचा आहे, तो येतोय, मी धरून ठेवलाय. चाळीसवाला म्हणाला, एकोणचाळीस माझ्या मित्राचा. मग दोघंही गेले. एकोणचाळीसच्या पाटीवर एक, चाळीसच्या पाटीवर एक. शून्य कुणाचीच होत नाही. बाहेरून त्यांना विचारणारं कुणी नाही, पण आपापसात ते एकमेकांना धरून आहेत आणि पाटी फक्त आकडा बघते, नातं बघत नाही. रेफरन्स काउंटिंगचं हे वर्तुळ हेरॉल्ड मॅकबेथ यांनी १९६३ मध्येच दाखवून दिलं होतं. नुसत्या पाट्यांत यावर औषध नाही, पथ्य आहे. दोघांतल्या एकानं धरायचं ते सैल हातानं. 'मला फक्त कळव तो आहे की गेला, माझ्यासाठी त्याची खुर्ची अडवू नका.' अशा पाटीत न मोजल्या जाणाऱ्या हक्काला वीक रेफरन्स म्हणतात. आयफोनची ॲपं लिहिणाऱ्यांना विचारा, कुठं घट्ट धरायचं आणि कुठं सैल, हा त्यांच्या रोजच्या जेवणातला खडा आहे.

दुसरी पद्धत वहीची, आणि ती पाटीच्याही थोडी आधीची आहे.

अमेरिकेतल्या एमआयटीत जॉन मॅकार्थी १९५८-५९ मध्ये लिस्प ही भाषा घडवत होते. यंत्र आयबीएम ७०४. त्यांनी आधी पाटीचाच विचार केला होता. पण त्या यंत्राच्या एका शब्दात ३६ बिट, त्यातले सहाच शिल्लक, आणि तेही सलग नाहीत, इकडे-तिकडे विखुरलेले. पाटी टांगायला खिळाच नाही. म्हणून त्यांनी उलटा विचार केला. कुणीच काही मोजायचं नाही. खुर्च्या संपेपर्यंत बिनदिक्कत वाटत राहायच्या. संपल्या की सगळ्यांना थांबवायचं आणि एकदाच हजेरी घ्यायची.

हजेरी कशी घ्यायची तेच महत्त्वाचं. काका हातात वही घेतात. वहीत ज्यांची या महिन्याची फी आली आहे तेवढीच नावं. या नावांना प्रोग्रॅममध्ये रूट म्हणतात, म्हणजे प्रोग्रॅमच्या हातात आत्ता थेट असलेल्या गोष्टी. काका पहिल्या नावाच्या खुर्चीवर खडूची खूण करतात आणि त्याला विचारतात, तू कुणाकुणासाठी जागा धरली आहेस? तो दाखवेल तिथं जाऊन खूण, मग त्या माणसाला तोच प्रश्न. अशी वाट जाईल तिथंवर जायचं. खूण असलेल्या खुर्चीशी पुन्हा पोचलो तर तिथून मागे फिरायचं, म्हणजे गोल-गोल फिरणं टळतं. वही संपली की हॉलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं आणि खूण नसलेल्या प्रत्येक खुर्चीवरची बॅग उचलायची. आधी मार्क, मग स्वीप. एकोणचाळीस आणि चाळीस एकमेकांना कितीही घट्ट धरोत, वहीतून त्यांच्यापर्यंत कुणी पोचलंच नाही. दोन्ही बॅगा जप्त.

'गार्बेज कलेक्शन' या नावानं पुणेकराच्या डोळ्यांसमोर घंटागाडी येते, ओला-सुका वेगळा करून दारात उभे असलेले आपण येतो. नाव फसवं आहे. हा कलेक्टर कचरा शोधतच नाही. तो जिवंत काय ते शोधतो, आणि उरेल त्याला कचरा म्हणतो. हे ध्यानात आलं की पुढचं पुष्कळ आपोआप उलगडतं.

मॅकार्थींच्या १९६० च्या प्रसिद्ध निबंधात ही पद्धत आहे, पण हा शब्द नाही. इतका बाजारू शब्द संस्थेची भाषा तपासणाऱ्यांना चालला नसता, असं त्यांनी पुढे सांगितलं. लिस्पच्या पहिल्या जाहीर प्रयोगाचा किस्साही त्यांचाच. पाहुणे जमलेले, समोर पडद्यावर चाललेलं दिसतंय, आणि मधेच मेमरी भरली. कचरा गोळा करणाऱ्याला बोलावलंय, आता काही मनोरंजक आकडेवारी देत आहे, असा मजकूर टाइपयंत्र सेकंदाला दहा अक्षरं या गतीनं छापू लागलं. छापत राहिलं, छापत राहिलं. वेळ संपला, प्रयोग अर्धवट, आणि पाहुणे हसून बेजार.

पण त्या फजितीत या पद्धतीचं खरं दुखणं दिसलंच. हजेरी चालू असताना सगळं ठप्प. हॉलमध्ये पन्नास पोरं असतील तर पाच मिनिटं बाहेर थांबायला कुणी कुरकुर करणार नाही. पन्नास हजार असतील तर? पूर्व परीक्षेच्या आदल्या रात्री असेल तर? शेअरबाजाराचा व्यवहार अर्ध्यावर असताना सगळ्यांनी हातातलं ठेवा म्हटलं तर? यातून सुटायला दोन मोठ्या युक्त्या निघाल्या, आणि मला त्यातली पहिली फार आवडते, कारण ती माणसांच्या निरीक्षणासारखी आहे.

कुठल्याही अभ्यासिकेच्या काकांना विचारा. नवीन आलेल्या दहांतले बरेचसे पहिल्या दीड-दोन महिन्यांत गळतात. कुणाला मेसचं जेवण पचत नाही, कुणाला नोकरी लागते, कुणाला पुण्याचं भाडं परवडत नाही. पण जो दोन वर्षं टिकला, तो पाच वर्षंही टिकतो. प्रोग्रॅममधल्या वस्तूंचंही हुबेहूब असंच असतं. बहुतेक वस्तू जन्मल्या-जन्मल्या निरुपयोगी होतात, आणि जी थोडी जगली ती खूप जगते. मग दरवेळी सगळ्या हॉलची हजेरी कशाला? नवख्यांना वेगळ्या खोलीत बसवा, तिथंच वरचेवर फिरा, आणि चार-सहा हजेऱ्यांत जो टिकेल त्याला जुन्यांच्या हॉलमध्ये हलवा. जुन्यांची हजेरी क्वचित. लिबरमन आणि ह्यूइट यांनी १९८३ मध्ये हे मांडलं, पुढच्या वर्षी डेव्हिड अंगर यांनी चालवून दाखवलं. जावा या भाषेत नवख्यांच्या खोलीला चक्क 'ईडन' म्हणतात.

नवख्यांच्या खोलीत आणखी एक चलाखी जमते. तिथली माणसं बहुतेक गेलेलीच असणार, तर एकेक बॅग उचलत बसण्यापेक्षा जे दोन-चार जिवंत आहेत त्यांनाच शेजारच्या खोलीत नेऊन सलग बसवा आणि ही खोली एकदम रिकामी जाहीर करा. मेलेल्यांना हातही लावावा लागत नाही, कचरा कितीही असो, श्रम जिवंतांपुरतेच. शिवाय सलग बसल्यानं मधली फुटकळ भोकं बुजतात. एक पथ्य पाळावं लागतं. जुन्यांच्या हॉलमधल्या कुणी नवख्यासाठी जागा धरली असेल, तर ती वेगळ्या चिठ्ठीवर टिपून ठेवायची. नाही तर नुसत्या छोट्या खोलीत फिरताना त्या बिचाऱ्याची बॅग हकनाक जप्त व्हायची.

दुसरी युक्ती म्हणजे कुणालाही न थांबवता हजेरी. ऐकायला सोपं, करायला महाकठीण. काकांनी पाच नंबर तपासला, खूण केली, पुढे गेले. त्यांची पाठ वळताच पाचवाल्यानं एकोणतीसवाल्याकडून तिसऱ्याच कुणाची तरी बॅग सांभाळायला घेतली, आणि एकोणतीसवाल्यानं हात झटकले. काका एकोणतीसपाशी पोचले, त्यानं सांगितलं, मी कुणाचीच धरलेली नाही. पाचवर ते पुन्हा जाणार नाहीत. हक्काची बॅग कचऱ्यात. यासाठी नियम असा केला की हजेरी चालू असताना कुणी नवीन बॅग हातात घेतली तर तिथूनच ओरडून काकांना सांगायचं. एड्सखर डाइक्स्ट्रा आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये याची तीन रंगांची मांडणी केली. पांढरा म्हणजे अजून न दिसलेला, करडा म्हणजे दिसला पण त्यानं कुणाला धरलंय ते विचारायचं राहिलं, काळा म्हणजे काम पुरं. काळ्यानं गुपचूप पांढऱ्याला धरायचं नाही, एवढा कायदा. ओरडण्याच्या नियमाला राइट बॅरियर म्हणतात, आणि तो फुकट नाही. प्रत्येक घेण्या-देण्यावर थोडा भुर्दंड बसतो. पण त्यातूनच २०१५ मध्ये गो भाषेच्या १.५ आवृत्तीनं थांबे दहा मिलिसेकंदांच्या आत आणायचं ठरवलं आणि आणलं. जावाचा झेडजीसी नावाचा कलेक्टर २०२० पासून खऱ्या कामांसाठी वापरता येतो, आता त्याचे थांबे एका मिलिसेकंदाच्याही आत असतात.

वहीच्या पद्धतीला मोकळी जागा लागते, हे मात्र कुणी ठळकपणे सांगत नाही. हजेरी अधूनमधूनच होणार, तोवर गेलेल्यांच्या बॅगा हॉलमध्येच. हॉल जितका मोठा तितकी हजेरी क्वचित, तितका वेग जास्त. मॅथ्यू हर्ट्झ आणि एमरी बर्जर यांनी २००५ मध्ये हे मोजलं. लागते त्याच्या पाचपट मेमरी दिली तर गार्बेज कलेक्शन हातानं सोडण्याच्या तोडीस तोड चालतं, तिप्पट दिली तर सरासरी १७ टक्के हळू, आणि दुप्पटच दिली तर जवळजवळ ७० टक्के हळू. पेठेत एवढा मोठा हॉल कोणाला परवडतो?

मग पायथन काय करतो? पाटी आणि वही दोन्ही. रोजचं काम पाट्यांवर, आणि वर्तुळांसाठी २००० सालच्या २.० आवृत्तीपासून एक जादा तपासनीस. त्याची रीत फार सुबक आहे. तो कुणाची फी आली ते बघतच नाही. संशयित टोळकं घेतो, प्रत्येकाच्या पाटीवरचा आकडा कागदावर उतरवतो आणि त्यातून टोळक्यातल्या आपापसातल्या धरण्याचे आकडे वजा करतो. एकोणचाळीसचा एक होता, चाळीसनं धरलेला तो एक वजा, उरलं शून्य. म्हणजे बाहेरचं कुणी नाही. कुणाचा आकडा उरलाच तर त्याला बाहेरून कुणी तरी धरलंय, तो वाचला, आणि तो ज्यांना धरून आहे तेही वाचले. बाकी सगळे बाहेर.

इथं पाटी आणि वही या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी वाटत नाहीत, आणि त्या नाहीतच. डेव्हिड बेकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं की एकाच नाण्याच्या या दोन बाजू आहेत. वही जिवंतांच्या मागे जाते, पाटी मरणाच्या मागे. प्रत्यक्षातली चांगली यंत्रणा कुठं तरी मधे असते.

रस्ट नावाची भाषा तिसऱ्याच वाटेनं गेली आहे. पाटी नको, वही नको, प्रवेश देतानाच कागदोपत्री ठरवा की खुर्चीचा मालक एकच, तो गेला की खुर्ची गेली, दुसऱ्याला फक्त उसनी मिळेल आणि मालकापेक्षा जास्त वेळ नाही. प्रोग्रॅम चालण्याआधीच हे सगळं तपासलं जातं, नियमात न बसणारा प्रोग्रॅम तयारच होत नाही. शिकताना घाम फुटतो. पण चालताना काकाच लागत नाहीत. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपनं २०२० मध्ये आपली एक सेवा गोमधून रस्टमध्ये नेली, कारण गोचा कलेक्टर दर दोन मिनिटांनी जबरदस्तीची हजेरी घ्यायचा आणि दरवेळी तिथं उशिराचा काटा उठायचा. रस्टवर वेगळं लिहावं लागेल, ते इथं मावणार नाही.

माझी स्वतःची फजिती वहीच्या भाषेतलीच आहे. जावात लिहिलेला एक सर्व्हर दर तिसऱ्या-चौथ्या रात्री मरायचा. जावात मेमरी लीक होत नाही, असं मी तोवर दोन मुलाखतींत ठासून सांगितलं होतं. शेवटी हीपचा फोटो काढून, म्हणजे हीप डंप घेऊन बघितलं, तर एका मॅपमध्ये, म्हणजे नावावरून माहिती काढायच्या यादीत, आलेल्या प्रत्येक ग्राहकाची माहिती होती. पुन्हा आला तर पटकन सापडावी म्हणून मीच ठेवली होती. काढायची कधी, ते लिहिलंच नव्हतं. तो मॅप रूटला बांधलेला, म्हणजे वहीच्या पहिल्या पानावर नाव. कलेक्टर इमानदारीत येत होता, लाखो माणसांवर जिवंत म्हणून खूण करत होता आणि जात होता. त्याची काहीच चूक नव्हती. वाट होती, गरज नव्हती, आणि गरज त्याला दिसत नाही. दुरुस्ती चार ओळींची. शोधायला अकरा दिवस.

भावाला हे सगळं एका चहात सांगून झालं नाही, चार-पाच भेटी लागल्या. गणपतीला तो गावी जाणार होता. म्हणाला, "दादा, आठ दिवस खुर्ची रिकामी दिसली तर दुसऱ्याला देतील, तू येऊन बसशील का अधूनमधून?" माझं ऑफिसचं काम घरूनच चालू होतं, म्हटलं बसतो. मंगळवारी दुपारी लॅपटॉप उघडून अठरावर बसलो. शेजारी भूगोलाची पुस्तकं, माझ्यासमोर दुसऱ्याच एका सर्व्हरचा हीप डंप.

तासाभरानं काका टेबलांच्या मधून वही घेऊन आले. माझ्यापाशी थांबले, चष्म्यावरून बघितलं.

"तुम्ही कोणाचे?"

"अठरा नंबरचा भाऊ."

त्यांनी वही उघडली, बोट खाली नेत नेत त्याचं नाव शोधलं, महिन्याच्या रकान्यात टिक होती. पेन्सिलीनं खूण केली.

"आणि ही शेजारची बॅग?"

मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी ती उचलली.